दिवसभर चालताना डोक्यात काय असतं?

“डोंगरात दिवसभर चालता, तेव्हा विचार कसला करता?” लांब पल्ल्याच्या पायवाटेवरून परतले की हे कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याला बहुधा एकांत, चिंतन असं काही अपेक्षित असतं. माझ्या डोक्यात मात्र बराचसा वेळ चालणंच असतं, आणि तेवढा विषय दिवसाला पुरून उरतो.

सकाळी आधी हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये सांगितलेला नियम मी अजून वापरते: दर 3 मैलांना एक तास आणि दर 2000 फूट चढाला आणखी एक तास. 15 मैलांच्या वाटेवर 4000 फूट चढ असेल, तर 7 तास, तेही न थांबता. पाठीवर तंबू आणि चार दिवसांचा शिधा असला की मी त्यात सढळ हाताने भर घालते.

मग चढ लागतो. पाय ताजे असतात, हवा गार असते, आणि नेमका तेव्हाच वेग आवरावा लागतो. चालता चालता सलग दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. एकटी असले तर स्वतःशीच बोलून बघते. घाम फुटायच्या आत वरचा कपडा काढून ठेवते, कारण दर 1000 मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं आणि खिंडीतला वारा ओल्या अंगाला सोडत नाही. सुती कपडा तर मी घालतच नाही. तो भिजला की ऊब संपली.

उन्हाळ्यात डोंगरउतार तापतात, गरम दमट हवा वर चढते आणि दुपारी तिचेच गडगडाटी ढग होतात. म्हणून डोंगराची उघडी धार शक्यतो दुपारच्या आत ओलांडायची. ढगांचे माथे उंच वाढताना दिसले की माझं बाकी कशात लक्ष लागत नाही.

सगळ्यात जास्त विचार उतारावर. लोकांना उतार म्हणजे आराम वाटतो, मला ते पटत नाही. मांडीचे पुढचे स्नायू प्रत्येक पावलाला ताणले जात असतानाच शरीराचा भार थोपवत असतात. त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागतो. म्हणून चालण्याच्या, लांबी कमीजास्त करता येणाऱ्या काठ्या लांब करायच्या, पाऊल आखूड टाकायचं, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा. घसाऱ्यावर कुठला दगड हलणार, हे बघत उतरायचं. बोटं बुटाच्या टोकावर आपटू लागली की नाड्या घोट्यापाशी पुन्हा आवळायच्या. आणि टाच नुसती गरम लागली तरी तिथेच बसून बूट काढायचा, पट्टी लावायची. फोड आल्यावर पट्टीचा फारसा उपयोग नसतो, हे मी बरोबरच्या प्रत्येकाला बजावते, अगदी कंटाळा येईपर्यंत.

कामाच्या, घरच्या काळज्या येतच नाहीत असं नाही. जंगलातल्या सपाट, लांबलचक वाटेवर पाय आपसूक चालतात, तेव्हा त्या हमखास येतात. अर्धवट राहिलेलं एखादं भांडणसुद्धा मनातल्या मनात पुन्हा सुरू होतं. म्हणून मला सपाटीपेक्षा चढ आवडतो.