शेवटी दिलाच निगेटिव्ह
नाण्यांच्या ग्रुपवर आज पहिल्यांदा एका विकणाऱ्याला निगेटिव्ह, म्हणजे वाईट अनुभवाचा शेरा, दिला. १९१८ चा पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया मागवलेला, वजन हवं ११.६६ ग्रॅम, सोनारकाकांच्या काट्यावर भरलं ९.८, म्हणजे सरळसरळ डुप्लिकेट. तरी लगेच नाही हां लिहिलं, पार्सल उशिरा आलं तेव्हाही गप्पच होतो, पोस्टाचं खापर त्याच्यावर कशाला. आधी मेसेज केला, काट्याचा फोटो पाठवला, चार दिवस थांबलो, म्हटलं त्यालाच कुणीतरी गंडवलं असेल तर? पण पठ्ठ्याने मेसेज वाचून सोडून दिला आणि सकाळी तसलंच दुसरं नाणं विकायला टाकलं. मग मात्र वजनासकट सगळं लिहिलं. आता इनबॉक्सात "दादा डिलीट करा ना, लगेच पैसे पाठवतो" चाललंय. पैसे आले तर खाली तसं लिहीन, पण काढणार नाही.