शून्य टेस्ट, आणि वर ओके

मंगळवार, रात्री 11:40

दुपारी आमच्या पायथन कोडसाठी नवीन टेस्ट लिहिली (कोड बरोबर उत्तर देतो का ते तपासणारा छोटा कोड), आधी ती फेल व्हायला हवी म्हणून त्यात मुद्दाम चुकीचं उत्तर टाकलं, युनिटटेस्टने, म्हणजे पायथनच्या टेस्ट चालवायच्या टूलने, रन केलं, तर खाली ओके. म्हटलं चुकीची फाईल सेव्ह केली असेल. परत केलं, परत ओके. मग वरची ओळ नीट वाचली, 'रॅन 0 टेस्ट्स इन 0.000 सेकंद'. म्हणजे पठ्ठ्याने एकही टेस्ट चालवली नव्हती आणि तरी ओके म्हणत होता! पेपरच दिला नाही आणि पास.

डॅश व्ही लावून बघितलं, त्याने चाललेल्या प्रत्येक टेस्टचं नाव दिसतं, तर एकाही टेस्टचं नाव नाही. बाजूच्या डेस्कवरचा म्हणाला, अगं फाईलचं नाव बघ, युनिटटेस्ट फक्त टेस्टने सुरू होणाऱ्या फायली शोधतं, नावात शेवटी टेस्ट असलेल्या पायटेस्ट या दुसऱ्या टूलला चालतात, याला नाही. बघितलं तर नावं बरोबर होती, आतल्या मेथड पण टेस्टनेच सुरू. तो गेला चहाला, मी बसले डोकं खाजवत.

साडेसहाला निघाले, मेट्रोने घाटकोपर, तिथल्या ब्रिजवर नेहमीसारखी मुंगीच्या पावलांनी, पुढे मुलुंडची स्लो लोकल. उभ्याउभ्या डोक्यात तेच. घरी लॅपटॉपवर तोच कोड चालवला तर ओके नाही, 'नो टेस्ट्स रॅन'! कारण माझ्याकडे पायथन 3.12 आहे आणि ऑफिसच्या सर्वरवर 3.10. 3.12 पासून एकही टेस्ट चालली नाही तर एक्झिट कोड, म्हणजे संपताना प्रोग्रॅम देतो तो आकडा, 5 येतो, जुन्यात 0, म्हणजे सगळं आलबेल. आमची पाइपलाइन, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा, म्हणून बिनधास्त हिरवी.

मग सापडलं. टेस्ट्सच्या फोल्डरमध्ये इनिट फाईलच नाही. डबल अंडरस्कोरवाली, __init__.py, जी बहुतेक वेळा रिकामीच असते. प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरपासून शोधायला सांगितलं की युनिटटेस्ट ती फाईल नसलेल्या फोल्डरात शिरतच नाही, दारावर पाटी नाही म्हणून पोस्टमन परत जातो तसं. कोणी उडवली म्हणून गिट लॉग, म्हणजे कोणी काय बदललं त्याची नोंद, काढला, मनात दोन-तीन जणांची नावं तयार होती. निघाली मी. गेल्या महिन्यात, 'फालतू रिकाम्या फायली काढल्या' असा कमिट, वर स्मायली.

आई आतून ओरडली, "झालं ना एकदाचं ओके, मग जेवून घे ना!" तिला काय सांगू की ओके म्हणूनच तर बसलेय.

फाईल परत टाकली. 41 चालल्या, त्यातल्या 3 फेल. एक माझी मुद्दाम चुकवलेली. दुसरीत जुना रेट होता, बदलला. तिसरी मात्र खरी भानगड, बिलाचं राऊंडिंग. पायथन 2.5 राऊंड केलं की 2 देतो आणि 3.5 केलं की 4, अर्ध्यावर आलं की जवळचा सम आकडा धरतो. आम्ही समजत होतो नेहमी वर जाणार. म्हणजे महिनाभर काही बिलं एक रुपया कमी गेलीयत, उद्या हे टीम लीडला सांगायचंय, आणि सांगताना तो स्मायलीवाला कमिटही दाखवावा लागणार.

भात गार झालाय. त्या रिकाम्या फाईलमध्ये आता एक कमेंट टाकलीय, 'रिकामी दिसते म्हणून उडवू नये'.