पिंजऱ्याची धूळ मला अशी भोवली

पहिले चार दिवस मी फ्लू समजूनच अंगावर काढले. ताप १०३, कोरडी ढास, आणि डोकं इतकं ठणकायचं की कूस बदलायची धास्ती वाटे. अमॉक्सिसिलिनने ढिम्म फरक पडला नाही. एक्स-रेत उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया दिसला, पण थुंकीच्या कल्चरमध्ये काही उगवेना.

दुसऱ्या डॉक्टरांनी औषधांआधी चौकशी केली. "व्यायलेल्या शेळ्या-मेंढ्यांजवळ गेला होतात?" हा प्रश्न क्यू फिव्हरच्या, म्हणजे जनावरांकडून होणाऱ्या एका तापाच्या, शंकेने होता, हे नंतर कळलं. मी नाही म्हटलं. "घरात पक्षी?"

होता की! नुकताच आणलेला कॉकाटील, तुऱ्याचा छोटा पोपट. पिसं फुलवून गप्प बसायचा, विष्ठा पातळ, हिरवट. मी म्हणायचे, नवीन घर आहे, रुळेल. ताप येण्याच्या आठ-दहा दिवस आधी त्याच्या ट्रेतली वाळलेली घाण मी कोरडीच खरवडली होती. कोपऱ्यातली भुकटी निघेना म्हणून वर फुंकरही मारली होती. स्वतःच्याच तोंडावर!

डॉक्टर म्हणाले, सिटॅकोसिस वाटतोय, म्हणजे आजारी पक्ष्याच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेल्याने होणारा आजार. क्लॅमिडिया सिटासी हा जिवाणू आपल्या पेशींच्या आत शिरून वाढतो, म्हणून नेहमीच्या कल्चरमध्ये सापडत नाही. घशाचा स्वॅब पीसीआरला गेला, पण रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन सुरू झालं. दोन दिवसांत ताप उतरला. रिपोर्ट नंतर आला, पॉझिटिव्ह. गोळ्या मात्र ताप गेल्यावरही दोन आठवडे चालल्या. थकवा त्याहून जास्त रेंगाळला.

खरी कसरत पक्ष्याची. त्यालाही डॉक्सिसायक्लिनच, पण तब्बल ४५ दिवस. कॅल्शियममुळे हे औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून मला गोळीबरोबर दूध बंद आणि त्याच्या पिंजऱ्यातून समुद्रफेस, म्हणजे चोच घासायचा कॅल्शियमचा तुकडा, बाहेर. चोच घासायला काही नाही म्हणून तो दिवसभर सळ्या कुरतडत बसायचा, मलाच अपराधी वाटायचं. साफसफाईची पद्धतही पशुवैद्यांनी बदलायला लावली: आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडून सगळं ओलं करायचं, मगच पुसायचं. हातमोजे आणि एन-९५ मास्क घालून. झाडू नाही, व्हॅक्यूम तर नाहीच.

हा आजार माणसाकडून माणसाला क्वचितच होतो, तरी घरातल्या सगळ्यांचा ताप मी रोज मोजत होते. कोणालाच आला नाही. "ठेवणार आहेस का अजून याला?" सासूबाईंनी तिसऱ्या आठवड्यात विचारलं. मास्कमधून मी काय पुटपुटले ते त्यांना ऐकू गेलं नाही, आणि मी परत सांगितलंही नाही. ट्रे अजून ओला व्हायचा होता.