कोआविल्तेकोची वही: 'म्'ची गर्दी, 'त्'चा शोध

मंडळी, गार्सियाच्या पुस्तकातला पापनिवेदनाचा भाग एकदाचा एक्सेलमध्ये चढवून झाला. एका रकान्यात स्पॅनिश, शेजारी कोआविल्तेको, मूळ छापील पानावर आहे तसंच.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. दक्षिण टेक्सास आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या कोआविला भागातली ही भाषा. दुसऱ्या कुठल्या भाषेशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही आणि आज ती बोलणारं कुणी उरलेलं नाही. आपली सगळी भिस्त मुख्यतः बार्तोलोमे गार्सिया या फ्रान्सिस्कन पाद्र्याच्या, १७६० साली मेक्सिकोत छापलेल्या ८८ पानी पुस्तकावर. सान आंतोनियो नदीकाठच्या मिशनांमध्ये पाहालाते, ओरेहोनेस, पाकाओस अशा अनेक जमातींचे लोक आणून वसवले होते. त्यांना ख्रिस्ती संस्कार देणाऱ्या पाद्र्यांच्या हाताशी असावं म्हणून हे पुस्तक.

टायपिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो व्यंजनांनंतरच्या बारीक स्वल्पचिन्हांनी. घसा आवळून झटक्यात सोडलेले प, त, क या भाषेत वेगळे मोजले जातात आणि गार्सियाने ते चिन्ह देऊन वेगळे दाखवलेत. अठराव्या शतकातल्या पाद्र्याचा कान इतका तयार असावा, याचं मला दरवेळी कौतुक वाटतं. ओसीआरला, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला, मात्र ते चिन्ह म्हणजे कागदावरचा डाग. जुना लांब 'एस' तो 'एफ' म्हणून वाचतो, तो निदान शोधून बदलता येतो. गळालेलं चिन्ह स्कॅन मोठं करून डोळ्यांनीच हुडकावं लागतं.

आता मजेचा भाग. भाषाशास्त्रज्ञ रुडॉल्फ ट्रॉइक यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलेली गोष्ट तक्त्यात स्वतः बघायची होती. मराठीत 'मी आंबा खाल्ला, चिंच खाल्ली' म्हणताना क्रियापद कर्माचं तोंड बघून बदलतं. इथे कर्मच कर्त्याचं तोंड बघतं! 'देव' या कर्मासाठी 'दिओस तुपो–' असं येतं. 'दिओस' उसना स्पॅनिश, 'तुपो' दर्शक सर्वनाम. 'आम्ही देवाला दुखावलं' यात ते 'तुपो-न्', 'तुझं देवावर प्रेम आहे का?' यात 'तुपो-म्', आणि 'ते देवाची प्रार्थना करतात' अशा वाक्यात 'तुपो-त्'. देव तोच, शेपूट कर्त्याप्रमाणे. क्रियापद मराठीसारखंच शेवटी, त्यामुळे वाक्य संपायच्या आधीच कर्ता कोण ते कळून चुकतं.

शेवटच्या अक्षरावर फिल्टर लावला आणि 'म्'चा नुसता सुळसुळाट! साहजिक आहे म्हणा. पाद्री विचारतोय, समोरचा उत्तर देतोय. प्रत्येक प्रश्नात 'तू' आहेच. तू पेयोटे (नशा आणणारं निवडुंग) खाल्लंस का, माणसाचं मांस खाल्लंस का, असले प्रश्न. लोक एकमेकांत गप्पा मारताना, भांडताना किंवा पोराला झोपवताना काय बोलत, यातलं काही नाही. म्हणून 'म्'ची संख्या बघून भाषेबद्दल निष्कर्ष काढायला जाऊ नका. ती कबुलीजबाबाची संख्या आहे. गोव्यात फादर स्टीफन्सने कोकणीचं व्याकरण लिहिलं, ते १६४० मध्ये रायतूरला छापलंही गेलं. गार्सियाने तसं काही लिहिलं नाही, त्यामुळे नियम आपणच या प्रश्नांतून उपसायचे.

'त्' हवा तर प्रश्न सोडून उपदेशाच्या परिच्छेदांकडे वळायला हवं, कारण तिथे तृतीयपुरुषी कर्ते जास्त येतात. ती पानं आता घेतली आहेत. वाक्यं लांबलचक, एकात एक अडकलेली. कर्ता कुठला आणि कर्म कुठलं हे ठरवताना डोकं पिकतं. संशयित ओळी तूर्तास पिवळ्या करून ठेवल्यात.

त्यानंतर गाब्रिएल दे वेर्गारा यांची १७३२ ची पाहालाते भाषेची (म्हणजे कोआविल्तेकोच्याच एका बोलीची) छोटी वही, जी १९६५ मध्ये मोंतेर्रेला छापली गेली. तिची लेखनपद्धत वेगळी असल्याने तिच्यासाठी स्वतंत्र शीट उघडणार आहे. दोन्हींतली समान रूपं जोडण्यासाठी कुणाकडे बरं सूत्र असेल तर सांगा. एक्सेलचं जुळणी शोधणारं सूत्र व्हीलुकअप या चिन्हांपुढे हात टेकतं.