नऊ सेकंदांची हाक

‘त्सू-ईस्ट!’ शनिवारी सकाळी घरामागच्या करंजातून हाक आली. टोकदार, आधी किंचित दबलेली आणि शेवटी वर चढणारी. त्या करंजावर हिवाळाभर ह्यूमचा पर्ण वटवट्या हा चिमुकला पक्षी असतो. त्याची हाक मऊ, बहुतेकदा खाली उतरणारी. ही त्याची नव्हती.

दुर्बिणीत पक्षी सापडायला सात मिनिटं गेली. सहा-सात ग्रॅमचा जीव, पानाआडचे किडे टिपताना क्षणभर थांबत नाही. हिरवट पाठ, लांब पिवळसर भुवई, पंखावर दोन ठळक पट्ट्या, खालच्या चोचीचं बूड फिकट. यलो-ब्राउड वॉर्बलर! वीण सायबेरियाच्या जंगलात, हिवाळा मुख्यतः आग्नेय आशियात. हा इकडे कसा आला?

लोकांनी पाठवलेल्या पक्षीनोंदी तपासायचं काम मी करतो. ह्यूम आणि यलो-ब्राउड या दोघांना विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत एकच जाती धरत. ते वेगळे ठरले त्यात आवाजाचा वाटा मोठा. म्हणून अशी नोंद आली की मी पहिल्यांदा विचारतो, आवाज आहे का? बहुतेकांकडे नसतो. मोठी लेन्सवाली मंडळी चाळीस फोटो पाठवतात, पण खिशातल्या मोबाइलवर रेकॉर्डर लावत नाहीत, याचा मला राग येतो. पिसं झिजली की यलो-ब्राउडही ह्यूमसारखा राखाडी दिसतो. नुसत्या फोटोवर किती भरवसा ठेवायचा?

माझ्याकडे नऊ सेकंद आहेत. तीन हाका, त्यातल्या दोन पाण्याच्या पंपाच्या घरघरीत बुडालेल्या. तिसरीच्या आवाजाचा आलेख वीसदा पाहिला. रेघ जरा खाली येते आणि मग झपकन वर जाते. आपली नोंद आपणच मंजूर करायची नाही हा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. सहकाऱ्याने कळवलं, ‘फोटो असता तर बरं झालं असतं.’ मला ते लागलं. पण हीच नोंद दुसऱ्या कुणी पाठवली असती, तर एका हाकेवर मी मंजूर केली असती का? बहुधा नाही.

स्पीकरवर त्याचीच हाक वाजवली असती तर तो पुन्हा बोललाही असता. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावायला लावणं मला पटत नाही. जागाही कुणाला सांगितलेली नाही.

रविवारी आणि सोमवारी करंजावर फक्त ह्यूम होते. नोंद अजून ‘अनिश्चित’ आहे. उद्या पंप सुरू व्हायच्या आत, उजाडताच जाणार आहे.