पावसाळ्यातल्या फ्लाय: ६१ दिवस, ४३ बांधल्या, ११ ठेवल्या

थंड देशांतले लोक हिवाळ्यात फ्लाय, म्हणजे हुकावर केस-पिसं गुंडाळून केलेली माशांची नकली आमिषं, बांधत बसतात. नद्या गोठतात, बाहेर बर्फ, करायचं काय? आपल्याकडे हिवाळा म्हणजे तर ऐन हंगाम. नोव्हेंबरात पाणी निवळलं की घरात बसायचं पाप कोण करील! म्हणून आमचा बांधणीचा मोसम जूनमध्ये सुरू होतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना बंदी असते. काठावरून गरी टाकणाऱ्याला कोणी अडवत नाही, पण समुद्रच अडवतो. काजळी नदी अख्ख्या डोंगराची माती घेऊन भाट्याला उतरते, आणि खाडीचं पाणी गुळाच्या चहासारखं होतं. त्यात रोज रेनकोट घालून उभं राहण्याएवढा मी शूर नाही.

तर बंदीचे ६१ दिवस, रोज एक फ्लाय, असा संकल्प सोडला होता. झाल्या ४३. त्यातल्या पाण्यात टाकायच्या लायकीच्या ११. बाकीच्या ब्लेडने सोलून हुक परत डबीत टाकले. हुक मस्टाडचे ३४००७, स्टेनलेसचे, ते फेकवत नाहीत. मागवले होते एक नंबरचे, ऑनलाइनवाल्याने पाठवले चार नंबरचे, आणि परत घ्यायला तयार नाही. त्या बारीक हुकांचंच पुढे भलं झालं, ते नंतर सांगतो.

या खेपेचं मुख्य संशोधन म्हणजे बोकडाची शेपटी.

फ्लायच्या परदेशी पाककृतीत पहिली ओळ असते बकटेल, म्हणजे हरणाच्या शेपटीचे केस. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हरणाचा विषयच संपला, आणि बाहेरून मागवलेलं एक शेपूट म्हणजे आमच्या घरचा दोन वेळचा सुरमईचा बाजार. यंदा बकरी ईद जूनच्या पहिल्याच आठवड्यात आली. ओळखीच्या मटणवाल्या चाचांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी पिशवीत सात शेपट्या दिल्या, तीन काळ्या, दोन पांढऱ्या, दोन तपकिरी, आणि विचारलं, "सूप करणार काय?" मी हो म्हटलं. खरं सांगायला गेलो असतो तर दुकानातली रांग थांबली असती.

शेपटीचं हाड काढावंच लागतं. पहिल्या शेपटीचं मी काढलं नाही आणि तिसऱ्या दिवशी आई वासाचा माग काढत माझ्या टेबलापर्यंत आली. खालून उभी चीर द्यायची, हाड ओढून काढायचं, आतून जाडं मीठ चोळून दोन दिवस ठेवायचं, मग भांडी घासायच्या साबणाने दोनदा धुवायचं. खरी अडचण वाळवायची. जूनमध्ये रत्नागिरीत रुमाल वाळत नाही, शेपटी काय वाळणार. शेवटी फ्रीजच्या मागे, जिथे आम्ही शाळेचे मोजे वाळवत आलो, तिथे दोरीवर लावल्या. पाच दिवसांत कडकडीत झाल्या. आईने फक्त एवढंच विचारलं, "श्रावणाआधी निघतील ना या इथून?"

बोकडाच्या केसांत मुळाशी मऊ लव असते. ती तशीच ठेवली की फ्लाय पाणी पिते. आणि ओली फ्लाय उडवणं म्हणजे ओला मोजा दोरीला बांधून फिरवणं. नव्या मंडळींसाठी: या प्रकारात आमिषाला वजन नसतं, फेकायची ती दोरी. आठ नंबरच्या लाइनचे, म्हणजे त्या दोरीचे, पहिले तीस फूट २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास भरतात. तेवढ्या जोरावर फ्लाय जायची असते. तिने दोन ग्रॅम पाणी पोटात घेतलं की लूप, म्हणजे दोरीचा हवेतला वळसा, कोसळते आणि हुक थेट टोपीला लागतो.

लव काढायचे सगळे उपाय केले. जुना टूथब्रश, चिमटा, अगदी फुंकरही. शेवटी उवांची फणी सापडली, लहानपणची, लाकडी, एका बाजूला बारीक दात असलेली. चिमूट घट्ट धरायची, टोकाकडून नव्हे तर कापलेल्या बुडाकडून फणी घालायची, तीनदा ओढायची. फणीच्या दातांत करड्या कापसासारखी लव जमते आणि बोटांत फक्त लांब, सरळ केस राहतात. जमलेली लव मी काड्यापेटीत साठवतोय. तिचं नंतर कोळंबीच्या फ्लायचं अंग वळायचा विचार आहे.

एवढं करूनही पहिल्या दहा फ्लाय केरसुणीसारख्या झाल्या. मी प्रत्येक थराला काडेपेटीच्या तीन काड्यांएवढी जाड चिमूट घेत होतो. टेबलावर भरगच्च, देखणी दिसते. बादलीत सोडली तर पांढरी केरसुणी जड होऊन तळाला बसते, केस हलतसुद्धा नाहीत. विसाव्या फ्लायपर्यंत मी एका काडीवर आलो. आता अर्धी काडी घेतो. हातात विरळ, गरीब दिसते. पण बादलीत बोटाने ओढली की केस मिटतात, थांबवली की उमलतात. केस मोजायची वेळ आली तरी चालेल, पण कमी घ्या.

मी मुख्यतः क्लाउझर नावाची फ्लाय बांधतो. बॉब क्लाउझर नावाच्या अमेरिकन गाइडने पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅना नदीवर बास माशासाठी ही रचना केली. म्हणजे गोड्या पाण्याची वस्तू, पण हल्ली समुद्रावर तिच्याशिवाय पान हलत नाही. युक्ती शिशाच्या डोळ्यांत आहे. डोळे हुकच्या दांडीच्या वरच्या अंगाला बांधले की पाण्यात अख्खी फ्लाय उलटते आणि हुकचं टोक आकाशाकडे राहतं. आपल्या खाडीत खाली कालवं आणि कांदळाची मुळं, तिथे टोक वर असणं म्हणजे अर्धे हुक वाचणं.

डोळ्यांसाठी पागाच्या, म्हणजे फेकजाळ्याच्या, कडेची शिशाची गोळी घेतली आणि हातोडीने ठोकून डमरूचा आकार दिला. दोन्ही गोळे सारखे येत नाहीत. एक जड झाला की फ्लाय कुशीवर पोहते, दारू प्यायलेल्या बोयटासारखी. हलक्या फ्लायना बेसिनच्या बुचाची मण्यांची साखळी सरस. दोन मणी कापायचे, झाले डोळे. आमच्या बेसिनला सध्या सुतळी आहे.

पिसांबद्दल फार लिहीत नाही. ब्रॉयलरची पिसं फुकट मिळतात आणि फुकटच्याच लायकीची असतात. पक्षी सहा आठवड्यांचा, पिसाला कणाच नाही. पाठीवरची लांब, लवचिक पिसं हवीत तर वर्षावरचा गावठी कोंबडा पाहिजे, आणि तो गटारीशिवाय कोणी कापत नाही. गटारीच्या आदल्या संध्याकाळी वाडीत तीन घरं फिरलो. लालभडक पिसांच्या दोन पिशव्या, शिवाय एका घरी रस्सा.

चमकीसाठी मखराच्या झिरमिळ्या वापरल्या. माळ्यावरच्या गणपतीच्या खोक्यातून थोड्या, चंदेरी. जरीचा धागाही करून पाहिला, खाऱ्या पाण्यात दोन दिवसांत काळवंडला.

आता दमट हवेची गाऱ्हाणी. फ्लायच्या डोक्यावरचा शेवटचा धागा पक्का बसवायला मी बायकोची पारदर्शक नेलपॉलिश वापरतो. मे महिन्यात तीच काचेसारखी वाळायची. जुलैत लावली की पंधरा मिनिटांत तिच्यावर दुधी साय येते. वरून हवेतला ओलावा धरते आणि फिल्म कच्ची राहते. सुपरग्लू उलट फार झटकन धरतो, पण भोवती पांढरी भुकटी सोडतो आणि काळ्या केसांवर ती कोंड्यासारखी दिसते. यूव्हीचं राळ, म्हणजे अतिनील प्रकाशात घट्ट होणारं, उन्हावर ठेवून पाहिलं. कुठलं ऊन? ढगांतून जे झिरपतं त्याने वरचा पापुद्रा धरतो, आत चिकट. यूव्हीचा टॉर्च घ्यायला हवा होता, पण मी म्हटलं नेलपॉलिश काय वाईट, दिसायला दुधी आहे एवढंच. हे वाक्य लक्षात ठेवा.

बॉबिन, म्हणजे बांधताना धाग्याचं रीळ धरायचं साधन, मी सायकलच्या स्पोकचं केलंय. स्पोक इंग्रजी यू सारखा वाकवायचा, मधल्या वाकावर धातूच्या रिफिलची रिकामी नळी तारेने आवळायची, दोन टोकांत शिवणाच्या धाग्याचं रीळ चिमटायचं. पहिले चार दिवस धागा दर दहा वेढ्यांनी तुटत होता आणि मी धाग्याला शिव्या देत होतो. दोष नळीच्या कडेचा होता. दाभणाने तोंड आतून गोल घासलं, वर पॉलिश पेपर फिरवला, तेव्हापासून एकदाही तुटला नाही.

आणि करंदी. जुलैच्या मध्यावर शेजारच्या काकूंनी बांधावरच्या झोळण्यातली ओंजळभर जिवंत करंदी दिली. आईला म्हटलं, दहा मिनिटं थांब, आणि काचेच्या बरणीत सोडून बघत बसलो. जिवंत करंदी जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ते दोन काळे ठिपके, डोळे, आणि पाठीतून जाणारी एक काळपट रेघ. गुलाबी रंग शिजल्यावरचा. तरी निम्म्या विकतच्या कोळंबीच्या फ्लाय गुलाबी असतात! बरणीवर टिचकी मारली की करंदी शेपटी मुडपून मागे उडी घेते. म्हणजे पळताना तिचे डोळे मागे राहतात, म्हणून फ्लायचे डोळे हुकच्या वाकाशी बांधायचे आणि शेपटी दोरीच्या बाजूला. डोळ्यांना ४० पौंडी मोनोचा, म्हणजे नायलॉनच्या तंगूसचा, तुकडा मेणबत्तीवर धरायचा. टोक वितळून आपोआप काळा मणी होतो. अंगाला काड्यापेटीतली करडी लव, वर दोन झिरमिळ्या, बस. हे सगळं त्या चुकून आलेल्या चार नंबरच्या हुकांवर इतकं नेमकं बसलं की ऑनलाइनवाल्याला मी मनातल्या मनात माफ केलं. पैसे अजून मागतोय.

पहिली चाचणी गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी. भांगाचं पाणी होतं, ओढ कमी, त्यामुळे गढूळपणा जरा खाली बसलेला. जागा सांगत नाही, एवढंच सांगतो की खारभूमीच्या बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, आहे. ओहोटीला शेतातलं पाणी उघाडीतून खाडीत सुटतं, त्याबरोबर करंदी आणि माशांची बारकी पिल्लं वाहून येतात, आणि तोंडाशी जिताडा टपून बसतो. मागे कांदळ, त्यामुळे बॅककास्टला, म्हणजे दोरी मागे उडवायला, जागा नाही. दोरी मागे न उडवता समोरच लोळवत टाकायच्या रोल कास्टवर जेमतेम चाळीस फूट.

आधी काळी क्लाउझर. गढूळ पाण्यात काळं उठून दिसतं यावर माझा विश्वास आहे. पाऊण तास काही नाही. मग करंदी लावली. दुसऱ्याच फेकीला वीतभर तांबोशी. सोडली. फ्लाय चिंधीसारखी झाली होती, केस दोन-चार गेले होते, तरी बदलली नाही.

पुढच्या तिसऱ्या की चौथ्या फेकीला उघाडीच्या खांबाजवळ तो आवाज आला. ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. रिकामा तांब्या पालथा पाण्यात दाबावा तसा, भप्प. दोरी ताठ झाली, काठी बुडापासून वाकली, चार-पाच सेकंद काहीतरी रुंद आणि जड बाजूला वळलं, आणि सुटलं.

मला वाटलं लीडर, म्हणजे दोरी आणि फ्लायमधला बारीक धागा, गेला. जिताड्याच्या कल्ल्याची झाकणं ब्लेडसारखी असतात, म्हणून पुढे दीड फूट ४० पौंडी फ्लुरोकार्बन लावलेलं होतं. ओढून पाहिलं तर लीडर शाबूत, गाठ शाबूत, हुकही शाबूत, पण नुसता हुक. अंग, लव, झिरमिळ्या सगळं गेलेलं, आणि एक डोळा हातभर सुटलेल्या धाग्यावर लोंबत होता. अंग निसटलं तसा हुकही निसटला असणार. व्हिप फिनिशचे, म्हणजे डोक्यावरच्या शेवटच्या गाठीचे, पाच वेढे दुधी नेलपॉलिशखाली धरलेच नव्हते. मासा मिळाला असता तरी सोडलाच असता, पावसाळ्यात ते खाडीच्या मुखाशी अंडी घालायला येतात आणि मोठे बहुतेक माद्या असतात, लहानपणी नर आणि मग मादी असा त्यांचा हिशेब. पण पाहायला तर मिळाला असता.

घरी येऊन उरलेल्या दहांची डोकी नखाने खरवडून पाहिली. सातांची पॉलिश सायीसारखी निघाली. टॉर्च मागवलाय. तोवर ती सात सोडवून पुन्हा बांधतोय, पाचाऐवजी दोनदा सात-सात वेढे, वर अगदी सुईच्या टोकाएवढा सुपरग्लू, भुकटी आली तर आली. चार झाल्या. उरलेल्या तिनांना झिरमिळ्या कमी पडतायत, आणि आईने काल गणपतीचं खोकं माळ्यावरून खाली उतरवलंय.