कूलरच्या शेडमधून खताच्या ड्रमपर्यंत: आमची वाटचाल

नागपुरात कूलर बनवणाऱ्याला उन्हाळ्याचे चार महिने श्वास घ्यायला फुरसत नसते आणि उरलेले आठ महिने कारागिरांच्या पगाराचा घोर असतो. आमची शेडही याला अपवाद नव्हती. मृग लागला की पत्र्याची कात्री, ड्रिल मशीन आणि रिव्हेट गन नुसती पडून राहायची. घरच्या ओल्या कचऱ्याचे खत करणारे ड्रम आम्ही बनवू लागलो ते या रिकाम्या हातांना काम मिळावे म्हणून. भांडेवाडीच्या कचरा डेपोत उन्हाळ्यात आग लागल्याच्या बातम्या आम्हीही वाचत होतो, पण आपल्या घरचे भाजीचे देठ तेथे जाऊन कुजतात आणि त्यातून पेट घेणारा वायू तयार होतो, हे लक्षात आले ते या कामात पडल्यावरच.

आमचे भागीदार मूळचे पत्र्याचे मिस्त्री. पहिला नमुना पत्र्याचाच करावा, असा बाकी सर्वांचा आग्रह होता. परंतु कचऱ्यातून झिरपणारे आंबट पाणी जस्ताचा पत्रा खाऊन टाकील, हे कूलरच्या टाक्यांचे गंजलेले तळ बदलण्यात उमेद घालवलेल्या त्या माणसालाच सुचले. म्हणून वापरलेले निळे प्लास्टिक ड्रम घेण्याचे ठरले, तेही खाद्यपदार्थांचेच. रसायनाचा ड्रम कितीही स्वस्त मिळाला तरी तो आमच्या शेडचा उंबरा ओलांडत नाही. तळापासून चार बोटे वर आडवी जाळी, तिच्याखाली पाणी सोडण्याची तोटी, बाजूंना होल सॉने पाडलेली भोके आणि प्रत्येक भोकाला आतून बारीक स्टीलची जाळी, अशी आमची रचना आजही आहे. ही शेवटची जाळी बसवणे अत्यंत किचकट असते आणि आमची नक्कल करणारे नेमकी तीच वगळतात. मग माशी आत अंडी घालते, काही दिवसांत अळ्या बाल्कनीच्या भिंतीवर चढतात आणि त्या घरातला खताचा विषय कायमचा संपतो.

धरमपेठेतील एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा येथे उल्लेख केलाच पाहिजे. अंबिया बहार बाजारात आला की त्यांच्या घरी संत्र्याच्या सालींचा ढीग पडे आणि ड्रममधील काम मंदावे, कारण सालीतील तेल जिवाणूंना सोसत नाही. त्यांनी साली बारीक चिरून, दोन दिवस वाळवून, सुक्या पानांच्या थरांत घालण्याची पद्धत स्वतः बसवली आणि आम्हाला शेडवर बोलावणे पाठवले. तयार खताची ओंजळ पुढे करून त्या म्हणाल्या, "भाऊ, आधी वास घेऊन पाहा, मग बोला." पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास होता. आज प्रत्येक नव्या ग्राहकाला आम्ही त्यांचीच रीत सांगतो.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांना ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करण्यास सांगितले, तेव्हा आमचे दिवस पालटतील असे वाटले. शहरातील एका मोठ्या संकुलाने मोठ्या ड्रमांची मागणी नोंदवली. तुटपुंज्या आगाऊ रकमेवर विसंबून आम्ही ड्रम, जाळी आणि लाकडगंजातील आरा मशीनचा भुसा असा सारा माल कर्जाने भरला. त्यानंतर विजेवर चालणारे यंत्र घेऊन एक विक्रेता समितीपुढे आला आणि चोवीस तासांत खत देण्याचे त्याने ठासून सांगितले. आमची मागणी एका फोनवर रद्द झाली. असे यंत्र कचरा दळते आणि तापवून सुकवते. जे बाहेर पडते ते सुकलेले अन्न असते, खत नव्हे, हे आम्ही सभेत उभे राहून सांगितले. आमच्याकडे चकचकीत माहितीपत्रक नव्हते, एवढाच काय तो आमचा दोष. त्या मोसमात भागीदारांनी पत्नीच्या बांगड्या गहाण ठेवून कारागिरांचा पगार केला आणि शेड विकण्याची बोलणी सुरू झाली.

पावसाळ्यात यंत्रातून निघालेल्या त्या भुकटीला पाणी लागले. तिच्यावर बुरशी चढली, आवारभर दुर्गंधी पसरली आणि कुंड्यांतील रोपे करपली, तेव्हा आम्हालाच बोलावण्यात आले. आम्ही गेलो. ती सर्व भुकटी सुक्या पानांत आणि शेणकाल्यात मिसळून, आठवड्यातून दोनदा खालीवर करून, सुमारे दोन महिन्यांत तिचे खरे खत करून दिले. ते पाहून इतर संकुलांतून मागण्या आल्या आणि शेड वाचली.

ज्यांनी अद्याप सुरुवात केलेली नाही, त्यांनी फाल्गुनातील पानगळ जाळू न देता पोत्यांत भरून ठेवावी, कारण पावसाळ्यात सुके पान शोधूनही मिळत नाही. ओल्या कचऱ्याच्या निदान बरोबरीने सुका माल घालावा. भुसा साध्या लाकडाचाच असावा. प्लायवूडच्या भुशात गोंद असतो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की ड्रम सावलीत सरकवून वरून पाण्याचा हबका मारावा, आणि सावजी रश्श्याची उरलेली तर्री त्यात कदापि ओतू नये.

ते यंत्र आता संकुलाच्या पंपघरात धूळ खात पडले आहे. रद्द केलेल्या मालाची भरपाई समितीने आजतागायत दिलेली नाही. मात्र तिचे तेव्हाचे अध्यक्ष आपल्या घरच्या ड्रमसाठी कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या विरजणाची पिशवी आमच्याकडूनच मागवतात, आणि ती नेण्यासाठी स्वतः न येता चालकाला पाठवतात.